खुर्चीसकट हळदतुला

हिंगोली जिल्ह्यातल्या गोरेगाव सर्कलमध्ये, म्हणजे जिल्हा परिषदेच्या गटात, आमच्या पक्षाचं काम जोरात आहे. पक्षाचं नाव मुद्दाम लिहीत नाही. लिहून, छापून होईपर्यंत ते बदललं तर उगाच गैरसमज व्हायचा. मागच्या खेपेला चिन्ह दुसरं होतं, त्याच्या मागच्या खेपेला झेंडा दुसरा होता. माणसं तेवढी तीच आहेत आणि त्यांची इस्त्रीही तीच आहे.

काम म्हणजे कार्यक्रम. शाळेमागं एक खड्डा आहे, त्यात दरवर्षी वृक्षारोपण होतं. झाड जगलं तर पुढच्या वर्षी नवा खड्डा खणावा लागेल, म्हणून दुसऱ्या दिवशी बकऱ्या सोडायची जबाबदारीही शाखेनंच घेतली आहे. दवाखान्यात फळवाटप होतं. पेशंट एक आणि कार्यकर्ते अकरा असल्यामुळे केळं जरा लांबडं बघून आणावं लागतं, म्हणजे सगळ्यांचा हात फोटोत येतो. मागं एका पेशंटनं केळं फोटोच्या आधीच सोललं होतं. त्याला विरोधी गटाचा ठरवण्यात आलं.

हे सगळं चालतं ते जिल्हा परिषदेच्या तिकिटासाठी. निवडणूक कधी लागेल ते कुणालाच माहीत नाही. होणार होणार म्हणता म्हणता वर्षं गेली. पण निवडणूक नसली म्हणून इच्छुकांनी काय इच्छाच करायची नाही? आमच्या सर्कलमध्ये इच्छुक दोन. एक मुंजाजी, पक्षाचे सर्कलप्रमुख. दुसरा देविदास, ज्याचं खत-बियाणांचं दुकान आहे आणि जो पक्षाचा कोण आहे ते त्यालाही नीट माहीत नाही. पण बॅनरवर त्याचा फोटो मुंजाजीपेक्षा बोटभर मोठा असतो.

तिकीट भाऊसाहेबांच्या हातात. भाऊसाहेब पक्षाचे जिल्ह्याचे पुढारी. त्यांचा वाढदिवस मे महिन्यात येतो आणि महिनाभर राहतो. यंदा देविदासनं पहिल्याच आठवड्यात सेनगावला त्यांची पेढेतुला केली. एका पारड्यात भाऊसाहेब, दुसऱ्या पारड्यात पेढे. फोटो झाले, भाषण झालं, आणि पेढे भाऊसाहेबांच्या पिकअपमध्ये बसून निघून गेले. भाऊसाहेबांची पिकअप ही एक शिस्तीची गाडी आहे. ती कार्यक्रमाला रिकामी येते आणि रिकामी कधी जात नाही.

त्या दिवशी मुंजाजी घरी आला तो तोंड पाडून. जेवायला बसला. मग भिंतीला लावलेल्या पोत्यांकडं त्याची नजर गेली आणि त्याचा चेहरा उजळला. बायको, म्हणजे निर्मलाबाई, तिथंच सावध झाल्या.

“निर्मला, ही तुझी हळद घरात बसून काय करून राहिली?”

“भाव पाहून राहिली.”

“दोन दिवस पक्षाला देतीस का?”

“पक्षाला हळद? औंदा कोनासंगं लगीन लावून राहिला पक्ष?”

“थट्टा नको करू. भाऊसाहेबांची तुला करायची. हळदतुला! पुऱ्या जिल्ह्यात आजपरेंत कोनी केली न्हाई. जिल्हा आपला हळदीचा, अन् हे लोक पेढे तोलून राहिले. माझ्या डोक्यात आलं न, तिकीट बराबर आपलं.”

“अन् माझी हळद?”

“फोटो झाला की परत. भाऊसाहेब काय हळद घरी नेतेत काय?”

“पेढे नेले का न्हाई?”

मुंजाजीनं आधी घास गिळला. मग म्हणाला, “पेढ्याचं अलग हाय. पेढे नासतेत म्हनून नेले. हळद नासत न्हाई.”

ती हळद निर्मलाबाईंची होती. घराची नाही, मुंजाजीची तर मुळीच नाही. विहिरीजवळच्या अर्ध्या एकरात त्यांनी ती लावली, खुरपली, काढली, शिजवली, वाळवली, पॉलिश करून आणली. त्या सगळ्या काळात मुंजाजी पक्षकार्यात होता. तीन पोती कांडी, म्हणजे हळकुंडं, झाली होती. कांडी मोडली की आत केशरी निघायची. ती विकून निर्मलाबाईंना मिरची-हळदीचं कांडप मशीन घ्यायचं होतं. गावातल्या बायका उन्हाळ्यात मिरच्या घेऊन जीपनं सेनगावला जातात आणि येताना तिखटाचे डबे मांडीवर घेऊन अख्खी जीप शिंकत येते, हे त्या वर्षानुवर्षं पाहत होत्या. हिंगोलीच्या दुकानात मशीन बघून झालं होतं. दुकानदाराला त्यांनी सांगून ठेवलं होतं, “हळद इकली की येते. दुसऱ्याला देऊ नका.”

“दोनच पोती देईन,” त्या शेवटी म्हणाल्या. “अन् एक कांडी जरी कमी आली तर त्या दिसापासून पक्षाच्या घरी जेवा.”

तुलेला लागणारी बाकी तयारी मुंजाजीनं जोरात केली. पक्षनिधीचा पहिला हप्ताही त्यानं जमवून ठेवला होता. पक्षनिधी म्हणजे काय ते सांगायला हवं. तिकीट कुणाला द्यायचं हे भाऊसाहेब माणसाची निष्ठा पाहून ठरवतात. आणि निष्ठा अंधारात दिसत नाही म्हणून ती पाकिटात घालून आणावी लागते. हा हप्ता मुंजाजीनं बालाजीसेठकडं ठेवला होता. बालाजीसेठ मोंढ्यातले, म्हणजे धान्यबाजारातले, आडते. गावातल्या सगळ्यांचे पैसे त्यांच्याकडंच असतात, कारण ते तिथं असले की निदान दिसत नाहीत. कार्यक्रम झाला की संध्याकाळी सेनगावच्या विश्रामगृहावर हप्ता द्यायचा, असं ठरलं होतं.

कार्यक्रम बाजारतळावर. मंडप लागला, डीजे लागला, जेसीबी आला. जेसीबीच्या सोंडेला संतराममामांची तागडी टांगली. संतराममामा मोंढ्यातले जुने मापाडी. इलेक्ट्रॉनिक काटे आल्यापासून त्यांची ती मोठी तागडी आडतीच्या भिंतीला टांगलेली होती आणि मामा तिच्याखाली. तुलेसाठी बोलावणं आलं तेव्हा मामांनी नवा पटका बांधला आणि सकाळपासून कुणाशी नीट बोलले नाहीत.

निर्मलाबाई हळदीच्या टेम्पोतून आल्या, पोत्यांवर बसून. टेम्पोत तिसरं पोतंही होतं. “कमी पडलं तर असू दे, लागणार न्हाईच,” असं म्हणून मुंजाजीनं ते त्यांच्या पाठीमागं चढवलं होतं. त्या बायकांच्या मंडपात जाऊन बंजारा तांड्यावरच्या पारुबाईशेजारी बसल्या. पारुबाईच्या गळ्यात पक्षाचं उपरणं होतं. खाली आणखी एक होतं, ते मागच्या आठवड्यातल्या सभेचं.

“दोन दोन काहून घातले, पारुबाई?”

“एक काढाव तर कोनतं काढाव, समजत न्हाई बाई. दोन्ही साहेब म्हनले, आता तांडा आपलाच. खिचडी आली का?”

भाऊसाहेब आले. फटाके झाले. मुंजाजीनं मंडपवाल्याकडून त्यांच्यासाठी खास खुर्ची आणली होती. लग्नात नवरदेवाला देतात तसली, लाल मखमलीची, हातांना सिंहाची तोंडं असलेली, भक्कम सागवानी. खुर्ची पारड्यात ठेवली, भाऊसाहेब खुर्चीत बसले आणि पारडं जमिनीला असं टेकलं की जेसीबीनं खोकल्यासारखा आवाज काढला.

संतराममामा पुढं झाले. त्यांनी पारडं पाहिलं, दोऱ्या पाहिल्या, भाऊसाहेबांना पाहिलं.

“साहेब, जरा खुर्ची सोडून पाटावर बसता का?”

मंडपातल्या माना एकदम वर झाल्या. डीजेवाल्यानंसुद्धा आवाज कमी केला. इतक्या वर्षांच्या राजकारणात भाऊसाहेबांना ‘खुर्ची सोडा’ असं तोंडावर कुणी म्हटलं नव्हतं.

भाऊसाहेबांचा पीए धावत आला. “मामा, काय बोलून राहिले तुम्ही?”

“खुर्ची म्हंजे बारदान हाय. बारदानाचं वजन मालात धरत न्हाईत.”

“साहेब खुर्चीसकटच तोलायचे!”

“मंग कट्टी धरावी लागंल, खुर्चीचं वजन कापावं लागंल,” मामा म्हणाले. सवयीनं त्यांनी भाऊसाहेबांचा दंड दाबून पाहिला. मे महिन्याचं ऊन, अंगावर जाकीट. सदरा घामानं भिजलेला. “अन् माल वला बी हाय.”

मुंजाजीच्या हातातला माईक चालू होता. त्यामुळं माल ओला असल्याची बातमी सबंध बाजारतळाला आणि पलीकडच्या जीप स्टँडला कळली. बायकांच्या मंडपात पारुबाई तोंडाला दोन्ही उपरणी लावून हसली.

दुसऱ्या पारड्यात हळद पडू लागली. पहिलं पोतं रिकामं झालं, भाऊसाहेब हलले नाहीत. दुसरं झालं, खुर्चीचा एक पाय उचलल्यासारखा वाटला. मुंजाजीनं तिकडं बायकोकडं बघायचं टाळलं आणि माईकमध्ये ओरडला, “हळद कमी पडून राहिली, मंडळी! साहेबांच्या कार्याचं वजनच तेवढं हाय! आना तिसरं पोतं!”

“कार्य न्हाई, खुर्ची हाय ती,” निर्मलाबाई म्हणाल्या. पण त्यांच्यापुढं माईक नव्हता.

तिसरं पोतं तळाशी आलं तेव्हा भाऊसाहेब जमिनीवरून सुटले. जेसीबीवाल्यानं सोंड जरा वर घेतली, भाऊसाहेब झोक्यासारखे गरकन फिरले, एक चप्पल खाली पडली. ती झेलायला अकरा कार्यकर्ते धावले. फोटो झाले. संतराममामांनी डोळे बारीक करून काटा पाहिला आणि हात वर केला : काटा बराबर. हमालांनी हळद पुन्हा पोत्यांत भरली, पोती शिवली.

भाऊसाहेब खाली उतरून भाषणाला उभे राहिले.

“ही हळद माझी नाही!” ते म्हणाले.

निर्मलाबाईंचा जीव भांड्यात पडला.

“ही हळद माझ्या माय-माउलींची आहे! त्यांच्या कष्टाची आहे!”

“बराबर,” निर्मलाबाई म्हणाल्या, आणि पहिल्यांदाच त्यांना भाऊसाहेब बरा माणूस वाटला.

“म्हणून ही सगळीच्या सगळी हळद मी आमच्या संस्थेच्या सामूहिक विवाह सोहळ्याला अर्पण करतो! शेकडो नवरा-नवरींच्या अंगाला गोरेगावची हळद लागेल!”

टाळ्यांचा कडकडाट झाला. सर्वांत जोरात टाळ्या मुंजाजीच्या होत्या. भाऊसाहेबांचं वाक्य संपलं की त्याचे हात आपोआप वाजतात. वाक्याचा अर्थ डोक्यात पोचला तेव्हा त्याचे दोन्ही तळवे हवेत होते. ते तिथंच राहिले.

मंडपाच्या मागून पिकअप उलटी येऊ लागली.

निर्मलाबाई उठल्या.

“कुठं चालली बाई? खिचडी यायला झाली,” पारुबाई म्हणाली.

“हळद चालली माझी.”

स्टेजवरून मुंजाजी हातानं, डोळ्यांनी, भुवयांनी खुणा करत होता : बस, बस, खाली बस. निर्मलाबाईंनी तिकडं पाहिलंच नाही. रडल्या असत्या तर बातमीत ‘महिलांना अश्रू अनावर’ आलं असतं, ओरडल्या असत्या तर विरोधकांनी पाठवलेली बाई ठरल्या असत्या. त्या सरळ तागडीपाशी गेल्या आणि डोक्यावरचा पदर सारखा करून अगदी अदबीनं म्हणाल्या,

“मामा, काटा झाला?”

“झाला की, माय. असा काटा पुन्हा होनार न्हाई.”

“अन् बीट?”

“कशाचं बीट?”

“हळदीचं. बीट न होता काटा होतो का मोंढ्यात?”

संतराममामांचा चेहरा बघण्यासारखा झाला. मोंढ्याची रीत अशी की आधी बीट, म्हणजे लिलाव. भाव फुटला, गिऱ्हाईक ठरलं, की मग काटा, म्हणजे वजन. भाव न ठरता काटा करणं म्हणजे शेतकऱ्याच्या मालाची चोरी. असला काटा मामांनी उभ्या जन्मात केला नव्हता. आज केला, आणि तोही पटका बांधून, सगळ्या सर्कलसमोर.

“थांबा!” मामा गरजले. “माल खाली ठेवा!”

पिकअपकडं निघालेले हमाल जागच्या जागी थांबले आणि पोती खाली टेकली. ते मोंढ्यातले हमाल होते. भाऊसाहेब त्यांना पोस्टरवरून माहीत होते, मामा आवाजावरून.

पीए पुन्हा धावत आला. “अहो मामा, दान आहे हे!”

“दान असू द्या, न्हाईतर लूट असू द्या. काटा झालेल्या मालाला भाव पाहिजे. भाव न्हाई तर पट्टी न्हाई, पट्टी न्हाई तर माल हालत न्हाई.”

हे बोलणं चालू होतं तेव्हा पहिल्या रांगेत मोंढ्याचे व्यापारी बसले होते. त्यांना पाहुणे म्हणून बोलावलं होतं आणि ते पाहुण्यासारखेच बसलेही होते. पण समोर इतका वेळ हळद सांडत, भरत असताना त्यांचे हात काय गप्प बसणार? जवळजवळ प्रत्येकाच्या मुठीत एकेक कांडी होती. मोडून झाली होती, आतला रंग पाहून झाला होता, दोघांनी चावूनही पाहिली होती. त्यामुळं मामांच्या तोंडून ‘भाव’ हा शब्द निघाला मात्र, बालाजीसेठच्या तोंडून शिंक निघावी तसं निघून गेलं :

“चौदा!”

चौदा म्हणजे क्विंटलला चौदा हजार. शेजारचा म्हणाला, “साडेचौदा.” पलीकडचा म्हणाला, “पंधरा.” तिकडं भाऊसाहेब माय-माउलींच्या कष्टावरून देशाच्या प्रगतीवर आले होते, पण प्रगती ऐकायला आता कुणी नव्हतं. सगळी माणसं उठून तागडीभोवती गोळा झाली.

देविदास चतुर माणूस. त्याच्या ध्यानात आलं की ही हळद जो घेईल तो ती भाऊसाहेबांना अर्पण करेल, आणि अर्पण करणाऱ्याचाच फोटो छापून येईल. तो खुर्चीवर चढला.

“सोळा! अन् माल माझ्यातर्फे साहेबांच्या संस्थेला!”

भाऊसाहेबांनी भाषण थांबवलं आणि देविदासकडं पाहिलं. त्या नजरेत इतकी माया होती की मुंजाजीचं काळीज चिरलं. तुला त्याची, जेसीबी त्याचा, खुर्ची त्यानं आणलेली, आणि माया देविदासला!

“अठरा!” मुंजाजी माईकवरून ओरडला.

निर्मलाबाईंनी कपाळावर हात मारला. देविदासनं घेतली असती तर चांगल्या भावानं माल गेला असता, मशीन आलं असतं, प्रकरण मिटलं असतं. त्यांनी तिथूनच नवऱ्याला हात हलवून ‘नको, नको’ केलं. मुंजाजीला वाटलं, बायको म्हणते आहे, सोडू नका.

“वीस!” देविदास.

“पंचवीस!” मुंजाजी.

व्यापाऱ्यांनी मुठीतल्या कांड्या गुपचूप पोत्यावर ठेवून दिल्या आणि मागं सरकले. त्यांना मालाची पारख होती. विसाच्या वर जे विकलं जात होतं त्यात हळद राहिलेली नव्हती. भाऊसाहेब मात्र स्टेजवरून निवांत बघत होते. असले लिलाव त्यांना नवे नव्हते, फक्त उघड्यावर पहिल्यांदाच पाहत होते.

“तीस!”

“चाळीस!”

पारुबाई निर्मलाबाईंच्या खांद्यावरून डोकावली. “याडी वो, माय गं! बाई, तुझा मालक तुझीच हळद इकत घेऊन राहिला काय?”

“व्हय.”

“मंग थांबव की त्याला!”

निर्मलाबाईंचा हात अजून हवेत ‘नको’ करत होता. त्यांनी तो सावकाश खाली घेतला.

“काहून थांबवू? गिऱ्हाईक हाय.”

“पन्नास!” देविदास म्हणाला, पण आवाज जरा चिरका आला.

“साठ!” मुंजाजीनं माईक आणखी जवळ धरला. “साठ! अन् साहेबांसाठी जीव बी देईन!”

देविदासनं आकाशाकडं पाहिलं, मग तीन पोत्यांकडं, मग भाऊसाहेबांकडं. आणि खुर्चीवरून खाली उतरला.

“घ्या मुंजाजीभाऊ. तुमच्याच घरचा माल हाय, आमी कशाला मधी पडू?”

हे वाक्य मुंजाजीच्या कानात गेलं. त्याच्या तोंडावरचं हसू तसंच राहिलं, आणि त्या हसण्यामागून बाकी सगळं निघून गेलं.

“एकबार!” मामा म्हणाले. “दोबार! सोडली, मुंजाजीच्या नावावर!”

बालाजीसेठचे हात पुन्हा स्वतःच्या सवयीनं चालले. तीन पोत्यांच्या वजनाची पट्टी, म्हणजे विक्रीची पावती, काढली. शेतकरी : निर्मलाबाई. खरीददार : मुंजाजी. खरीददाराचे पैसे आपल्याकडं जमा आहेत, मग अडचण काय? माणूस दुकानावर पिटाळला, पुडकं आणवलं आणि निर्मलाबाईंच्या हातात दिलं. हप्त्यातून पट्टीची रक्कम, आडत वगैरे जाऊन जे मागं राहिलं त्याचा मुंजाजीनं चहा प्यायला हरकत नव्हती.

मुंजाजी स्टेजवरून उडी मारून आला. “बालाजीसेठ, आवो थांबा की! ते पैसे पक्षाचे हायत! संध्याकाळी द्यायचेत!”

“भाऊ, भर बिटात बोलले न तुमी?”

“बोललो, पर ते...”

“बोली हाय ही. जाहीरनामा न्हाई.”

मुंजाजी बायकोकडं वळला. निर्मलाबाईंनी पुडकं कमरेला खोचून पदर ओढला होता. “आता न्या माल,” त्या हमालांना म्हणाल्या. “माजी काई हरकत न्हाई.”

पिकअप भरून गेली. खिचडीही आली. पारुबाईनं दोनदा घेतली, एकेका पक्षाची एकेकदा.

संध्याकाळी विश्रामगृहावर मुंजाजी मोकळ्या हातानं उभा होता. भाऊसाहेब एकटेच होते; पीए बाहेर देविदासला चहा देत होता.

“हळद पोचली,” भाऊसाहेब म्हणाले. “बाकीचं?”

“साहेब, बाकीचं हळदीतच गेलं.”

“हळद कुणाची होती?”

“मंडळीची. माझ्याच घरची.”

भाऊसाहेबांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा घातला. माणूस तोच होता.

“मुंजाजी, तुमच्या निष्ठेबद्दल शंका नाही. पण चारपट भावानं जो घरचाच माल घेतो, त्याला जिल्हा परिषदेत बसवलं तर तो आम्हाला महागात पडेल.” आणि त्यांनी दाराकडं बघून हाक मारली, “देविदासला आत पाठवा.”

मुंजाजी घरी आला तेव्हा निर्मलाबाईंनी ताट वाढून ठेवलं होतं. तो भिंतीकडं तोंड करून बसला. भिंत रिकामी होती.

“जेवा.”

“भूक न्हाई. तिकीट गेलं.”

“गेलं ते गेलं. पिठलं गरम हाय.”

“तू एक शब्द बोलली असती, ‘आवो, हळद आपलीच हाय’, तर...”

“मी हातानं नको नको करून राहिले होते. तुमी आकडे वाढवून राहिले होते.” त्यांनी भाकरी वाढली. “तसं बी तुमी माझ्याकडून काही इकत घेतलं म्हनून मला तकलीफ काहून व्हावी? इतक्या वर्सांत पहिल्यांदा घेतलं.”

मुंजाजीनं भाकरी मोडली. पिठलं खरंच गरम होतं.

कांडप मशीन आठवड्यात आलं. ओसरीवर बसवलं. पहिल्या दिवशी बायकांची रांग लागली, ती अजून हललेली नाही. दुपारी निर्मलाबाई शेतात जातात तेव्हा मशीन मुंजाजी चालवतो. नाकातोंडाला पक्षाचं उपरणं बांधतो. तिखट आत जाऊ न देण्याच्या बाबतीत ते कापड अव्वल आहे असं त्याचं मत झालं आहे. शाखेच्या बैठका आता तिथंच होतात. मशीनच्या आवाजात आणि शिंकांत कुणाला काही विरोध नोंदवता येत नाही, त्यामुळं सगळे ठराव एकमतानं मंजूर होतात. देविदासला तिकीट पक्कं आहे. निवडणूक तेवढी लागायची आहे. तोवर लोक त्याला भावी सदस्य म्हणतात आणि लग्नाकार्याला त्याच्याकडूनच डीजे लावून घेतात. तो हल्ली वाळला आहे.

सामूहिक विवाह सोहळा जवळ आला तेव्हा एक दिवस भाऊसाहेबांची पिकअप ओसरीसमोर येऊन उभी राहिली. आत तीन पोती. शिवण तीच, सुतळी तीच. ड्रायव्हरनं पोती उतरवून मशीनपाशी टेकवली.

“बारीक दळून पाहिजे, भाऊ. नवरदेवायच्या अंगाला टोचू नये. साहेबांनी सांगितलं, पक्षाचं काम हाय, पैसे धरू नका.”

मुंजाजीची मान सवयीनं हलायला लागली. हलता हलता ती निर्मलाबाईंकडं वळली. त्या एका गिऱ्हाइकाची मिरची निवडत होत्या आणि खालीच बघत होत्या.

मुंजाजीनं उपरणं तोंडावरून खाली ओढलं, खाकरला, आणि म्हणाला, “दळन रोखीचं हाय.”

“काय?”

“रोखीचं. मशीन मंडळीचं हाय, पक्षाचं न्हाई.”

ड्रायव्हरनं डोकं खाजवलं. पैसे द्यायचा प्रसंग त्या गाडीवर कधी आला नव्हता. “मंग साहेबायला विचारून सांगतो,” म्हणून तो पिकअप रिकामी घेऊन गेला.

सोहळा होऊन गेला. वऱ्हाडाला हळद हिंगोलीच्या किराणा दुकानातली पाकिटं फोडून लावली म्हणतात. पेपरात मात्र ती गोरेगावचीच होती. पोती अजून ओसरीवर आहेत. रांगेतल्या बायकांना बसायला बरी पडतात. परवा पारुबाई मिरच्यांची पिशवी घेऊन त्यातल्या एकावर टेकली आणि खाली हात लावून म्हणाली,

“ही कोनाची हळद गं बाई?”

“पक्षाची,” निर्मलाबाई म्हणाल्या.

“मंग पक्ष नेत काहून न्हाई?”

मशीनमागून मुंजाजी शिंकला, आणि शिंकून झाल्यावर म्हणाला, “विचारून राहिलेत.”